नंतर बोलू, काका

चिकलठाण्याच्या कारखान्यात मी सुपरवायझर झालो आणि रोज सकाळी आठला सगळ्यांना गोलात उभं करून दहा मिनिटांची मीटिंग घ्यायला लागलो. नियम माझेच. कुणी बसायचं नाही, मोबाईल काढायचा नाही, विषय लांबायला लागला की मी म्हणणार, "नंतर बोलू." मोठे साहेब बाकीच्या सुपरवायझरना सांगायचे, याच्याकडं बघा जरा. मी लई फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

लेथ मशीनवर एक काका होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं यायचे. मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारा माणूस. एकदा गोल मोडताना जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, जरा बोलायचं व्हतं." मी म्हटलं, "नंतर बोलू, काका." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मला वेळ नव्हता असं नाही. लेथवरच्या माणसाला असं काय मोठं सांगायचं असणार, असं मी धरूनच चाललो होतो.

मग त्यांच्या मशीनचा माल परत आला. माप चुकलेलं. माझं डोकं फिरलं. सकाळी सगळ्यांदेखत मी विचारलं, "काका, डोळे घरी ठेवून येता का?" दोघंतिघं हसले. काका खाली बघत राहिले. त्या दिवशी मीटिंग नऊ मिनिटांत संपली.

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. चार दिवसांनी शेजारच्या मशीनवरच्या ताईंनी मला बाजूला घेऊन सुनावलं. "त्यांना मापाचे बारीक आकडे दिसंना झालते, साहेब. पॅकिंगला टाका म्हणायचं होतं तुम्हाला. हे काय चारचौघांत सांगायचं असतं व्हय?" पॅकिंगला महिनाभर एक जागा रिकामी होती. माझ्या एका सहीचं काम. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

रविवारी लासूरला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. मी माफी मागितली, पॅकिंगची जागा तुमच्यासाठी ठेवलीय म्हणालो. काकांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट तेच मला समजावत बसले, "व्हतं असं कामाच्या गडबडीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मग उद्यापासून येताय ना?"

ते म्हणाले, "कामाला मी भीत नाय साहेब. डोळ्याचं बी बघता येईल. पण त्या गोलात मला पुन्हा उभं राहवणार नाय."

माझा चहा तसाच राहिला. काकूंनी विचारलं, "गोड कमी झाला का?"

मी हो म्हणालो.