डॉक्टरांकडे स्लाइड्स मागताना

मंडळी, आज सकाळी जे झालं, त्याची धडधड अजून गेली नाही.

माझ्या मामांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. अमरावतीच्या डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यापासून किमो सांगितली. त्याआधी अकोल्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं, असं मला वाटत होतं. मामी घाबरली. "हे डॉक्टर रागावले तं मंग इलाज कोन करन?"

तरी सकाळी अमरावतीच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर मी बायोप्सीच्या स्लाइड्स, म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या काचपट्ट्या, मागितल्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माझ्यावर विश्वास नाही का?"

मामीने माझं मनगट घट्ट धरलं.

मामाच खोकत खोकत बोलले, "इस्वास हाय म्हून तं तुमाले सांगून जाऊन रायलो, साहेब. नसता तं गुपचूप गेलो असतो."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. स्लाइड्स द्यायला सांगून ते म्हणाले, "ते काय म्हणतात, मलाही कळवा."

दुपारी अकोल्याचे डॉक्टर स्लाइड्स बघून म्हणाले, किमोआधी त्याच गाठीच्या तुकड्याची आणखी एक तपासणी करा. कदाचित औषध बदलेल. कदाचित नाही.

आता परतीच्या गाडीत मामा झोपलेत. आपल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असताना एवढं विचारायलाही आपण इतके का घाबरतो? तुम्ही कधी विचारलंत का?