‘फरक शून्य’ची फुशारकी

गेल्या मंगळवारी भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये माझा दिवसाचा रेट नऊशेवरून बाराशे झाला. अभिनंदन वगैरे लिहायची घाई करू नका... आधी पूर्ण वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, मी गोडाऊनमधला स्टॉक मोजतो. नोकरी नाही, फ्रीलान्स. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, महिन्याला बारा-पंधरा दिवस काम, जितके दिवस भराल तितके पैसे.

या कामाला कायम दोघं लागतात. एकाने रॅकवरचे खोके मोजून आकडा लिहायचा, मग दुसऱ्याने तो आकडा न बघता तेच खोके परत मोजायचे. माझी जोडीदार भारतीताई, वडप्याची. वयाने माझ्याहून चांगली पंधरा वर्षांनी मोठी, आणि मला हे काम शिकवलं तेही तिनेच. तिचा नवरा ट्रकमध्ये माल चढवताना पडला, पाठ गेली, तेव्हापासून घरीच आहे... सगळं घर तिच्या या मोजणीवर चालतं.

आता आतली गोष्ट सांगतो. दर फेरीला चार-पाच रॅकवर आमचे आकडे जुळायचेच नाहीत. कधी मागच्या ओळीतला खोका मी विसरायचो, कधी ती. मग दोघं मिळून परत मोजायचो आणि बरोबर आकडा टाकायचो.

नियम असा की पहिल्या मोजणीत फरक आला तर तोही रिपोर्टमध्ये लिहायचा. पण मी पडलो अतिशहाणा! म्हटलं, कशाला लिहायचं ताई, उगाच दहा प्रश्न विचारत बसतील. "आरं, पण खरं हाय ना ते," ती म्हणायची. मी ऐकायला हवं ना... अकरा महिने प्रत्येक रिपोर्टमध्ये ‘फरक शून्य’, आणि खाली माझी सही.

कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तसं आम्ही ठरवलं, या वेळी रेट वाढवून मागायचाच. ताई म्हणाली, "मला सायबासमोर बोलाया जमत न्हाय. तूच बोल दोघांचं." मला काय, बोलायचं म्हटलं की मी एका पायावर तयार. आमच्या कामतघरच्या चाळीत नळावरची भांडणं मिटवायलासुद्धा मलाच बोलावतात.

मंगळवारी सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलो. ताई बाजूच्या खुर्चीत, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी पाठ करून गेलो होतो... रिक्षाभाडं किती वाढलं, बाकीचे गोडाऊनवाले किती देतात, सगळं बोललो. साहेब लॅपटॉपमधून मान वर काढेनात.

मग मी हुकमाचा एक्का टाकला. म्हटलं सर, अकरा महिन्यांत आमच्या मोजणीत एकदाही फरक आलेला नाही, हवं तर रिपोर्ट काढून बघा.

त्यांनी खरंच काढले. एकेक उघडून बघितला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कभी फरक आता ही नहीं, तो दो लोग किसलिए?"

माणूस वाईट नाही हो. टोमणा मारत नव्हता, त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाला, बाराशे देतो, पण एकालाच. माझ्याकडे बघून म्हणाला, "आप रुक जाओ."

खरं तर एवढंच बोलायचं होतं... सर, फरक येतो, दर वेळी येतो, आम्ही लिहिला नाही. दोघं होतो म्हणूनच आकडा बरोबर निघत होता. पण हे बोललो असतो तर खोटे रिपोर्ट दिले म्हणून पहिला मी बाहेर पडलो असतो. हे सगळं डोक्यात फिरत राहिलं आणि तोंड काही उघडलं नाही.

ताईने एकदा माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं, तीही सांगू शकत होती. ती उठली, "बरं साहेब" म्हणाली आणि बाहेर गेली. मी मागे थांबून नव्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली. हो, केली...

बाहेर आलो तर ती रिक्षाची वाट बघत उभी होती. मी विचारलं, ताई, तू का नाही सांगितलंस गं? म्हणाली, "सांगितलं असतं तर तुझं बी गेलं असतं. बारकी पोर हाय तुझ्या घरात." आणि वर मलाच विचारते, सकाळपासून चहा तरी घेतलास का! इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शुक्रवारपासून एकटा मोजतोय. परवा एका रॅकवर अठ्ठेचाळीस खोके आले, परत मोजले तर सत्तेचाळीस. हाक मारायला कोणी नाही. तिसऱ्यांदा मोजून अठ्ठेचाळीस लिहून टाकले, बरोबर की चूक देव जाणे.

तिच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकलाय, अजून काही कळलं नाही. भिवंडीत कुणाला मोजणीला माणूस हवा असेल तर तिला बोलवा... माझ्याहून चांगली मोजते, आणि खरं लिहिते.

मंगळवारपासून तीन जणांनी विचारलं, रेट कसा काय वाढवून घेतलास, आम्हालाही शिकव. काय शिकवू? ताई गप्प बसली ती माझ्यासाठी. आणि मी गप्प बसलो, तोही माझ्यासाठीच.