गुण माझे, दोष ह्यांचे

आमच्याकडे सिनेमा बघून झाला की कामाची वाटणी ठरलेली. गुण मी सांगायचे, दोष आमच्या ह्यांनी काढायचे. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. मला काहीही चटकन आवडतं आणि ह्यांना मेलं काहीच आवडत नाही, म्हणून लग्नापासून पडलेली पद्धत. थिएटरात चकार शब्द काढायचा नाही. रिक्षात बसलं की कर्वेनगर येईपर्यंत यथेच्छ भांडायचं.

त्या उडणाऱ्या महानायकाचा पहिला भाग बघितला तेव्हा तर ह्यांचे दोष घरी आल्यावरही संपेनात. एवढ्या इमारती पाडतात, राडारोडा कोण उचलतं? एवढ्या उंचावर ह्या बाबाला थंडी कशी वाजत नाही? आणि वर मलाच म्हणाले, "दुसरा भाग आला की सांग. बघू अजून काय दिवे लावतायत."

तो आला तेव्हा ह्यांना अर्धांगवायू होऊन बरेच महिने झाले होते. हातपाय थोडेफार हलायला लागले, बोलणं मात्र गेलं ते गेलंच. एकच शब्द उरला, "हो." चहा हवा? हो. नको? हो. आमटी खारट झाली का? हो. अळणी झाली का? तरी हो. उभ्या आयुष्यात माझ्या एका वाक्याला सरळ हो न म्हणणारा माणूस! अंघोळ घालून, व्यायाम करून घेऊन मी थकत होते, त्याचं काही नाही. पण त्या 'हो'च्या मागे आमचे हे आहेत की नाहीत, हेच कळत नव्हतं, आणि त्यानं मी पार थकून गेले होते. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, "काकू, तुम्ही बोलत राहा." बोलत होतेच की, भिंतीशी बोलावं तसं.

तरी दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. ह्यांना कडेच्या खुर्चीत बसवेपर्यंत मला घाम फुटला.

परतताना रिक्षात मी माझे गुण सांगितले. उडण्याची दृश्यं झकास, पार्श्वसंगीत सुरेख, नायिका ह्या वेळी नुसती किंचाळत नाही.

"हो."

"मग दोष सांगा आता."

"हो."

माझं डोकंच फिरलं. "बरं, तेही मीच सांगते! नाहीतरी ह्या घरात सगळं मीच करायचंय." रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. बघू दे. मी ह्यांच्याच सुरात सुरू केलं. खलनायक जुनाच, नुसते कपडे नवे.

"हो."

शेवटची मारामारी संपता संपत नाही.

"हो."

"आणि शक्ती गेल्यावर नायक घरात नुसता बसून राहतो, बायको त्याला भरवते, बुटाची नाडी बांधते, ते किती रटाळ! कात्रीच लावायला हवी होती."

"नाही."

मला वाटलं, रिक्षावालाच बोलला. वळून बघते तर हे माझ्याकडे चक्क रागानं बघत होते.

"नाही," ह्यांनी पुन्हा जोर लावला. "ते... खरं." मग डावा हात झटकून म्हणाले, "बाकी... थापा."

मला हसू यायला लागलं आणि रडूही. ह्यांनी माझं खोडून काढलं होतं! आणि मग ते काय बोलले ते डोक्यात शिरलं, तशी हसायची सोय राहिली नाही.

"कसं वाटतं हो," मी विचारलं, "तसं बसून राहताना?"

ह्यांचे ओठ हलत राहिले, पण शब्द काही येईना. रिक्षा आमच्या सोसायटीच्या दारात येऊन थांबली.

"पुढे घ्या," मी म्हटलं. "वारज्यापर्यंत जाऊन येऊ. ह्यांचं बोलणं अजून व्हायचंय."