ग्लासातलं निळं पाणी
ऑफिसच्या सामानाची यादी तपासताना निळ्या शाईची बाटली उघडली, आणि त्या वासाने मी थेट भूकंपानंतरच्या लातूरला, पत्र्याच्या शेडमधल्या आमच्या क्लासला पोचले. जमीन हलली की आधी कळावं म्हणून तेव्हा सरांच्या टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास कायम असायचा. एका दुपारी विज्ञान शिकवताना सरांनी त्यातच शाई सोडली. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, आता प्यायचं काय?" सर हसले. "देशातली पहिली प्रायोगिक अणुभट्टी अशीच पाण्यात होती. आत निळा उजेड." माझ्या शेजारची मुलगी उठली. तिचा धाकटा भाऊ घराच्या दगडांखाली गेला होता. "सर, जमीन हालली तर कसं हो?" "घाबरू नको बाई, नियंत्रणाचे रॉड आत सोडले की भट्टी थांबते." "तिला थांबवायला रॉड हायत. आमच्या घराला काहीच न्हाई?" तेवढ्यात बाहेरून एसटी गेली आणि निळं पाणी थरथरलं. सगळा क्लास बाहेर पळाला. ती मात्र टेबलापाशी जाऊन ग्लास दोन्ही हातांनी दाबून उभी राहिली. आजही माझ्या टेबलावर भरलेला ग्लास असतो. कुणी प्यायला उचलू लागलं, की मी त्याला दुसरा आणून देते.