इंगळेरावांचा कान

इंगळेराव मोटर तपासायचे ती स्क्रूड्रायव्हरने, आणि तोही कानाला लावून. चालू मोटरच्या अंगावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानात दाबायची, दुसरा तळहात मोटरच्या पाठीवर पसरायचा आणि डोळे मिटायचे. म्हैसूरजवळ बेळगोळच्या आमच्या कारखान्यात मी रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी त्यांना असं उभं पाहिलं. अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून ते म्हणाले, "मागचं बेअरिंग. उघडून बघा." उघडलं. मागचंच होतं.

मी सांगलीहून आलेला, चोवीस वर्षांचा, नवा इंजिनिअर. ते पन्नाशी ओलांडलेले, टेस्टिंग विभागातले सगळ्यांत जुने कामगार. त्यांचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात शिपाई होते. "आजे-पणजे घोड्यावर आले, आम्ही सायकलवर आलो, अष्टे," असं ते सांगायचे. हे 'अष्टे', म्हणजे 'एवढंच', त्यांच्या प्रत्येक तिसऱ्या वाक्याला चिकटलेलं असे. त्यांचं मराठी असंच होतं. वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच कन्नडमध्ये शिरायचं आणि पुन्हा घरी यायचं. माझ्या पुस्तकी मराठीची त्यांना गंमत वाटे. कारखान्यात ते मला 'सार' म्हणत, म्हणजे 'सर'. फाटकाबाहेर पडलं की 'तम्मा', धाकटा भाऊ. परक्या गावात त्या एका शब्दाचा मला केवढा आधार होता, ते तेव्हा कळलं नाही.

आमची खरी मैत्री जमली ती रॉक संगीतामुळे. म्हैसुरातल्या त्यांच्या नजरबादच्या घराशेजारी योग शिकायला आलेला एक परदेशी पाहुणा राहत असे. जाताना तो कॅसेटचं एक खोकं यांच्याकडे ठेवून गेला. यांनी सहज लावून पाहिल्या आणि अडकले ते अडकलेच. "गाण्यातलं अक्षर कळत नाही, पण ह्यात इंजिन आहे, तम्मा. इंजिन मला कळतं." मीही त्याच गाण्यांचा वेडा निघालो, याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.

मी कृष्णमूर्तिपुरम्‌मध्ये एका माडीवरच्या दहा बाय अकराच्या खोलीत राहत होतो. कॅसेट डेक घेतला, अॅम्प्लिफायर घेतला, आता स्पीकर राहिले. माझ्या मनात होते कमरेइतके उंच, मोठ्या वूफरचे, सिनेमात दिसतात तसे. इंगळेरावांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टांग्यात हत्ती बसवणार काय तुम्ही? खोली लहान. मोठा स्पीकर तिथं नुसता घुमणार. ढोल वाजला की थांबला पाहिजे. तुमच्या खोलीत तो कोपऱ्यात जाऊन बसेल, बाहेरच येणार नाही."

मग सलग चार रविवार आम्ही दुकानं पालथी घातली. म्हैसूरची संपल्यावर सकाळच्या गाडीने बंगळूरलाही गेलो. ते सगळीकडे एकच कॅसेट न्यायचे आणि एकच गाणं लावायचे. दुकानदार आवाज वाढवायला लागला की त्याचा हात धरायचे. "स्वल्प कमी करा. मोठा आवाज सगळ्यांनाच चांगला लागतो." मग खोक्यावर तळहात ठेवून मला विचारायचे, "झांज कशी येते? गिटार आणि गाणारा वेगळे येतात काय?" मी सांगायचो, ते मान डोलवायचे. मला वाटायचं, ते माझी परीक्षा घेताहेत. चौथ्या रविवारी त्यांनी एक जोडी पक्की केली. हातभर उंचीची, चहूबाजूंनी बंद खोकी, वितीपेक्षा लहान वूफर. मी जरा खट्टू झालो.

पण खोलीत ते वाजले तेव्हा मी थक्क झालो. इंगळेरावांनी स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, कोपरे मोकळे सोडले, दोन्हींची तोंडं माझ्या खुर्चीकडे वळवली. ढोल खरंच वाजत होता आणि थांबत होता. एकच गोष्ट खटकली. ट्रेबलचं बटण त्यांनी पूर्ण वर नेलं होतं. झांजा पत्रा फाटावा तशा कानात घुसत होत्या. "आता बरोबर," ते म्हणाले. ते गेल्यावर मी बटण मध्यावर आणलं. पुढे दर शनिवारी दुपारी ते यायचे, बटण वर न्यायचे. ते गेले की मी खाली आणायचो. तीन-चार शनिवारांनंतर माझ्या लक्षात आलं. त्यांना वरचे, बारीक आवाज ऐकूच येत नव्हते. पंचवीस वर्षं प्रेस शॉपमधल्या पत्रा कापणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटाशेजारी उभं राहून ते आवाज त्यांच्या कानांतून केव्हाच गेले होते. ते मोटरही तळहाताने तपासत होते. स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा तो लोकांना दिसावा म्हणून.

हे मी मनात ठेवायला हवं होतं. एका दुपारी कँटीनमध्ये कुणीतरी माझ्या नव्या स्पीकरची चौकशी केली. दहा-बाराजण बसलेले. समोरच्या बाकावर इंगळेराव डब्यातलं चित्रान्न खात होते. मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "स्पीकर उत्तम आहेत. फक्त झांजा इंगळेरावांना ऐकू येत नाहीत, म्हणून मला दोघांच्या वाटच्या ऐकाव्या लागतात." सगळे खो खो हसले. इंगळेरावही हसले, पण सगळ्यांच्या नंतर, आधी एकेकाचं तोंड पाहून.

पलीकडच्या टेबलावर टेस्टिंगचे नवे अधिकारी बसले होते. पंधरवड्यात इंगळेरावांची कान-तपासणी झाली. आवाजावरून मोटर पास करणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, हे कागदावर आलं. मॅनेजरनी मला बोलावलं आणि विचारलं, तुम्ही त्यांच्याबरोबर काम करता, तुमचं काय मत? त्यांनी पास केलेली एकही मोटर माझ्या काळात परत आलेली नव्हती, हे मला माहीत होतं. ते काम हाताने करतात आणि अचूक करतात, हेही माहीत होतं. मी म्हणालो, "मला त्याबद्दल फारसं सांगता येणार नाही, सर." नोकरी नवी होती. दुसरं कारण नव्हतं. पुढच्या सोमवारी इंगळेराव स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायला गेले.

त्या रविवारी मी नजरबादला गेलो. त्यांच्या पत्नी सावित्रीअक्का मुलीकडे नरसीपूरला गेल्या होत्या. इंगळेरावांनी स्वतः कॉफी केली. मी म्हणालो, ते मी गमतीने बोललो होतो, असं होईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं आणि माझ्या ओठांकडे पाहत राहिले.

"तुम्ही खोटं कुठं बोललात, सार?" ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. तुम्हाला तर ऐकायला मीच शिकवलं."

घरात, त्यांच्या स्वयंपाकघरात, ते मला 'सार' म्हणाले होते. मी शनिवारी येण्याबद्दल विचारलं. गुडघे दुखतात, तुमचा जिना चढवत नाही, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कारखान्याचा जिना नेहमीच्या चालीने चढताना पाहिलं.

नंतर दोन वर्षं आम्ही एकाच आवारात होतो. भेटलो की ते नमस्कार करत, माझं सामान वेळेवर काढून देत. मग मी पुण्याला नोकरी धरली. ते स्पीकर वीसेक वर्षं माझ्याबरोबर फिरले. पुण्यातल्या लहान खोल्यांत इतके नेमके स्पीकर मला पुन्हा मिळाले नाहीत. आकार, खोकं, जागा, सगळं त्यांनी बिनचूक निवडलं होतं. त्यांची चूक होती ती एका बटणाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी.

ते गेल्याचं एका जुन्या सहकाऱ्याकडून उशिरा कळलं. मी म्हैसूरला गेलो. सावित्रीअक्का थकल्या होत्या, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. पुढ्यात उप्पिट्टू ठेवलं आणि मुलीला हाक मारून म्हणाल्या, "बघ, हेच ते सांगलीचे."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कान गेले म्हणून ह्यांना घरी पाठवणार होते. तुम्ही मॅनेजरशी भांडलात म्हणून स्टोअर तरी मिळालं, नौकरी राहिली. हे नेहमी सांगायचे. लहान वयाचा माणूस, पण माझ्यासाठी उभा राहिला, असं म्हणायचे."

मुलगी हात जोडून उभी होती. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. अक्का वाट पाहत होत्या. मी म्हणालो, "ते मोठे होते, अक्का," आणि खाली मान घालून समोरचं उप्पिट्टू संपवलं. त्यांनी आणखी थोडं वाढलं. तेही खाल्लं, आणि दुपारची बस धरली.