नसलेल्या शिक्षेची माफी

आमच्या जातीत विधवेचं दुसरं लग्न हा गुन्हा होता. कायद्याच्या पुस्तकात तो कुठं नव्हता, पण कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत त्याला शिक्षा होती, वाळीत टाकण्याची. पंच मठात बसायचे, नाव पुकारायचे, आणि त्या दिवसापासून त्या घराला चुलीपुरता विस्तवसुद्धा मिळायचा नाही. मात्र या शिक्षेला शेवट असायचा. गुन्हेगारानं पंचांपुढं नाक घासायचं, जातीला जेवण घालायचं, थोरल्या पंचांनी त्याच्या घरचा पहिला घास घ्यायचा, की झालं. दुसऱ्या दिवशी तेच लोक त्याच्या सोप्यात तंबाखू मळत बसायचे. सगळा प्रकारच लबाड, पण माणसाला सुटायला वाट होती.

माझी थोरली बहीण संसार मांडतेय न मांडतेय तोच विधवा होऊन घरी आली. आण्णा, म्हणजे आमचे वडील, गुळाच्या पेढीवर दिवाणजी होते. कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लेकीकडं बघून त्यांनी जन्मात एकदाच धाडस केलं आणि गारगोटीच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न लावून दिलं. वाळीत टाकतील, काही दिवस सोसू, मग जेवण घालू, असं ते आईला समजावत होते.

झालं भलतंच. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं होतं आणि नव्या कायद्यानं वाळीत टाकणं हाच गुन्हा ठरला होता. पंच हुशार. मठात बैठक भरली नाही, नाव पुकारलं गेलं नाही. फक्त आमच्याकडं कुणी येईना. आईनं हळदीकुंकवाला बोलावलं की एकीचं पोर तापलेलं असायचं, दुसरी मलकापूरला निघालेली असायची. रस्त्यात भेटल्या की मात्र हसायच्या, तब्येत विचारायच्या. त्या हसण्याची मला भीती वाटायची. शिवी दिली असती तर मी सव्याज परत केली असती.

घरात आजारी माणूस असल्यासारखे आम्ही हळू बोलायला लागलो. कडी वाजल्याचा भास होऊन आई भरदुपारी उठायची, दार उघडून गल्लीकडं बघत राहायची. आज इतक्या वर्षांनीही कडी वाजली की मी हातातलं काम टाकून दाराकडं धावते.

मला स्थळं येईनाशी झाली तेव्हा आण्णा मला घेऊन थोरल्या पंचांकडं गेले. आम्हाला पाणीही विचारलं नाही. आण्णांनी टोपी काढून त्यांच्या पायाशी ठेवली.

"चूक झाली माझी. मला वाळीत टाका आन् दंड सांगा."

"कुणी टाकलंय तुला वाळीत?" थोरले पंच म्हणाले. "गुन्हा हाय त्यो आता. आमास्नी जेलात घालतोस व्हय?"

मग घरी जेवायला तरी या, असं आण्णांनी विनवलं. येऊ की सवडीनं, असं म्हणून पंचांनी स्वतःच्या हातानं टोपी उचलून आण्णांच्या डोक्यावर ठेवली. ती सवड त्यांना कधी झाली नाही. शिक्षाच दिली नव्हती, तर माफी कसली देणार?

दिवाळीला बहीण आली तेव्हा आण्णांनी तिला हे सगळं सांगितलं. ती पंचांच्या नावानं बोटं मोडेल असं त्यांना वाटलं असावं. तिनं हातातली करंजी ताटात परत ठेवली.

"चूक झाली म्हणालासा तुमी?"

आण्णा म्हणाले, तसं म्हणावंच लागतं, रीतच आहे ती.

"तुमीच लावून दिलासा की माझं लगीन," ती म्हणाली. "आन् त्यो गुन्हा हाय म्हणून कबूल करून आलासा."

आण्णा उठून सोप्यात जाऊन बसले. मी तर पंचांकडं त्यांच्या शेजारी उभी राहून ते ऐकलं होतं. माझ्या लग्नासाठीच ते तिथं गेले होते, हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. संध्याकाळच्या मोटारीनं ती गारगोटीला परत गेली.

त्यानंतर ती माहेरी आली नाही. आण्णांच्या मातीलासुद्धा नाही. त्या दिवशी पेठेतली झाडून सगळी माणसं आली होती, आणि खांदा द्यायला थोरले पंच सगळ्यांत पुढं होते.