दगडी हातातल्या बांगड्या

सांगू की नको करता करता माझे केस पांढरे झाले. सख्ख्या बहिणीलाही हे कधी कळू दिलं नाही – आणि आता तीही नाही. तुम्ही परके आहात, म्हणून बरं. परक्यासमोर तोंड उघडायला सोपं जातं, असं आपलं मला वाटतं. बघू, जमतंय का.

मी बेळगावात मुलींच्या शाळेत शिकवत होते. इंग्रजांचा अंमल होता, आणि बाईमाणसानं शाळेत शिकवायचं हेच गावाला पचत नव्हतं. त्यात मी विधवा. लग्न म्हणजे काय ते कळायच्या आत नवरा गेला. भावानं हट्टानं शिकवलं, म्हणून मास्तरीण झाले. पांढऱ्या कपाळाची बाई लेकीबाळींना काय वळण लावणार, असं लोक तोंडावर म्हणायचे. शाळेच्या कमिटीवर एक अण्णा होते, कापडाचे व्यापारी. त्यांच्या मनातून मी उतरले की नोकरी गेली, हे मला पक्कं ठाऊक होतं. हे सगळं मी का सांगतेय? सबब म्हणून नाही – खोटं कशाला बोलू, थोडी सबब म्हणूनच. खोड जात नाही माझी.

गावात एका म्हाताऱ्या वकिलांनी आपल्या घराच्या पडवीत जुन्या वस्तू मांडल्या होत्या. त्यांना सगळे आप्पा म्हणत. चिलखत, शिरस्त्राण, जुनी नाणी, शेर-पायलीची मापं, शेतांतून बैलगाडीत घालून आणलेले कोरीव दगड. दर वर्षी थंडीत मी मुलींना तिथं न्यायची. आप्पांचा एकच हट्ट – प्रत्येक वस्तूला हात लावायचा. "नुस्तं बघून काय कळतंय गं? हात लावा. दगुड काय चावत न्हाय," म्हणायचे. मग काय! मुली शिरस्त्राण घालून एकमेकींना टपल्या मारायच्या, पायलीनं जोंधळे मापून सांडून ठेवायच्या, आणि माझा आवाज कुणाला ऐकू जायचा नाही.

पडवीच्या टोकाला सतीचा दगड होता. कोरलेला खांब, त्यातून बाहेर आलेला कोपरात वाकलेला हात, मनगटात बांगड्या. वर चंद्र-सूर्य. बस, एवढंच. नाव नाही, अक्षर नाही. आप्पा प्रामाणिक, कुणी बाई नवऱ्यामागं जळाली, यापलीकडं आपल्याला काही ठाऊक नाही, असं सरळ सांगायचे. तिथं मी पुढं सरसावायची.

ती नटूनथटून निघाली, मी सांगायची. कुणी अडवलं तरी थांबली नाही. चितेवर चढताना तिच्या तोंडावर हसू होतं, भीतीचा लवलेश नव्हता... मग एकेक मुलगी पुढं होऊन आपल्या काचेच्या बांगड्या त्या दगडी बांगड्यांना भिडवून बघायची. मी त्या दगडाला कधी हात लावला नाही. माझ्या हातात भिडवायला होतं काय?

पण त्या दगडावर चेहराच नव्हता हो. मग हसू मी कुठून आणलं? – पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा अण्णा सोबत होते. त्यांनी डोळे पुसले. बाई चांगल्या वळणाच्या आहेत, असं त्यांनी पेठेत जाऊन सांगितलं, आणि त्या दिवसापासून माझ्या कपाळाबद्दल कुणी बोललं नाही. मग मी ते हसू कशाला सोडते?

खासबागेतली चंपा याच मुलींमधली. गोल चेहऱ्याची, सतत काहीतरी चघळणारी – चिंच, आवळा, काही नसलं तर पाटीवरची पेन्सिल. दगडाला बांगड्या भिडवताना ती चघळायची थांबली होती, ते मला आठवतंय. पुढं तिला सदलग्याला दिली. थोड्याच दिवसांत नवरा तापानं गेला.

त्या थंडीत मी नव्या मुली घेऊन आप्पांकडे गेले होते. अण्णाही आले होते, मुलींना चिरमुरे-फुटाणे वाटायला. माझी गोष्ट सांगून झाली, आणि मुलींच्या मागं चंपा उभी दिसली. ती माहेरी आली होती. सासरची माणसं तिला न्यायला यायची होती. तिच्या आईनं मला आधीच निरोप धाडला होता – पोर परत जात नाही म्हणते, तुमच्यासारखी मास्तरीण होईन म्हणते, भाऊ ठेवून घ्यायला तयार आहे, तुम्ही एकदा तिच्याशी बोला. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. शेवटी तीच आली. मोकळे हात पदरात गुंडाळून.

तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, ती खरंच हसत गेलती? भ्याली न्हाय?"

ती काय विचारत होती ते मला कळलं नाही, असं समजू नका. बाई, तुम्ही जगलात तशी मी जगले तर चालेल का – पोरगी एवढंच विचारत होती. आणि अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हसत गेली," मी म्हणाले. "भ्याली नाही."

तिनं हात पदरातून काढला, त्या दगडी बांगड्यांवर ठेवला आणि तशीच उभी राहिली. मग निघून गेली. मी हाक मारली नाही. सासरची माणसं आली तेव्हा ती आपली आपण गाडीत जाऊन बसली म्हणे.

पावसाळा सरता सरता बातमी आली. चंपा शेतातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सदलग्याचे म्हणाले. तिची आई शाळेत आली. दोष द्यायला नाही – दिला असता तर बरं झालं असतं. पायरीवर बसून म्हणाली, "जाताना सारखं म्हणत हुती, बाईंनी सांगितलंय, भ्यायचं न्हाय." तुमचा लई जीव होता तिच्यावर, असंही म्हणाली. मी तिला पाणी दिलं. मग वर्गात जाऊन त्रैराशिक शिकवलं. फळ्यावरचं अक्षरसुद्धा वाकडं आलं नाही.

तुम्ही म्हणाल, झाली चूक, भीतीपोटी झाली. थांबा. पुढच्या थंडीत मी पुन्हा मुलींना तिथं नेलं. त्याच दगडासमोर उभं केलं आणि तीच गोष्ट सांगितली – हसूसुद्धा. त्याच्या पुढच्या वर्षीही. मुलींच्या हातांनी त्या दगडी बांगड्या गुळगुळीत झाल्या, तरी सांगतच राहिले. नोकरी संपली तेव्हा मला हार घातला, आणि मी तो घालून घेतला.

खरं काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हाही ठाऊक होतं. माझा नवरा गेल्याचं कळलं तेव्हा मी माहेरीच होते. घरात रडारड चाललेली, मला कोपऱ्यात बसवून बायका माझ्या बांगड्या फोडत होत्या. मला दुःख झालं नाही. नवऱ्याचं तोंड मी नीट पाहिलंही नव्हतं. मला भूक लागली होती. सकाळपासून कुणी काही दिलं नव्हतं. मी आईला हळूच म्हटलं, आई, भाकरी दे. तिनं शेजारून आणून पदराआड दिली, वर गुळाचा खडा. मी ती सगळी खाल्ली. गोड लागली.

चंपा माझ्यासमोर उभी होती, आणि मी तिला एवढंच सांगायला हवं होतं – की त्या दिवशी मी भाकरी मागून खाल्ली होती.